मुजावरांचा भागाकार

कचेरीत रुजू झाले त्या दिवशी मुजावरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि टाइप करून आणायला सांगितला. महिन्याभरातल्या गुन्ह्यांचा तक्ता होता. मी नवी होते, तरी एकही चूक न होऊ देता मी तो टाइप केला आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "शिंदेबाई, खुनाच्या रकान्यात काय टाकलंत?"

मी आकडा सांगितला.

"बरोबर. आता त्यांची नावं सांगा."

तक्त्यात नावं नव्हती. ती मागच्या फायलीत होती. मुजावरांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावलं. नाव, गाव, वय. एक माझ्याच वयाचा होता. सगळी वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आता हा आकडा तुमच्या ओळखीचा झाला. पुन्हा टाइप करा."

मला राग आला. चूक नसताना पुन्हा कशाला? पण दुसऱ्यांदा टाइप करताना त्या रकान्यापाशी बोटं आपोआप थांबली. पुढची चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तेवढ्या काळात त्या रकान्यावरून बोटं कधी सरळ पुढे गेली नाहीत.

हे सगळं सांगलीतलं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, दहिवडीच्याही पलीकडचं. लग्न होऊन सांगलीला आले आणि जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. खाकी कपड्यांतल्या पुरुषांच्या त्या कचेरीत मी एकटी बाई आणि दस्तगीर मुजावर हे बिनखाकी कपड्यांतले सगळ्यांत जुने कारकून. जिल्ह्यातल्या साऱ्या ठाण्यांतून येणारे गुन्ह्यांचे आकडे त्यांच्याकडे जमा होत आणि त्यांचे तक्ते करणं हे त्यांचं काम. त्याआधी बरीच वर्षं ते साताऱ्याला हेच काम करत होते, म्हणून दोन्ही जिल्ह्यांची ठाणी त्यांना तोंडपाठ होती.

उंच, वाळका माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. शुक्रवारी तेवढी डोक्यावर टोपी. खुर्चीला पाठ लावून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि खाऊन झालं की डब्याच्या झाकणात पडलेला कणही बोटानं टिपून खायचे. जन्म औंधचा. "मी संस्थानी शाळेतला," असं ते सांगत, तेव्हा त्यात जी ऐट असे ती दुसऱ्या कशाबद्दलही नसे. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसून पाढे पाठ केलेला मुलगा, असं स्वतःचं वर्णन ते करत.

त्या शाळेनं त्यांना एक खोड लावली होती. कुणी काहीही मोठं सांगितलं की ते विचारत, "भागिले किती?" एखाद्यानं म्हणावं, यंदा आमच्या गावात डाळिंबं लय आली. मुजावर विचारणार, झाडं किती होती? आमच्या कचेरीतले पवार एकदा अभिमानानं म्हणाले की आमच्या गल्लीतली सगळी पोरं मॅट्रिकला पास झाली. मुजावरांनी विचारलं, बसली किती होती? पवार जरा घुटमळले आणि म्हणाले, एक. त्या दिवसापासून कचेरीत त्यांना मागून 'भागिले मुजावर' म्हणू लागले. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना ते आवडतही असावं.

अकरा वाजता व्हरांड्यात चहा यायचा. माझा कप माझ्या टेबलावर येई, पण दार उघडं असे आणि बाहेरचं सगळं ऐकू येई. तिथं पवार आणि हवालदार जाधव यांचं एक कायमचं भांडण होतं. पवार सांगलीवाडीचे, जाधव अस्सल साताऱ्याचे. भांडण असं की खून जास्त कुठं पडतात, साताऱ्याकडं की सांगलीकडं. आणि गंमत अशी की आपल्याकडं जास्त पडतात हे सिद्ध करायची दोघांचीही धडपड असे. जाधव म्हणत, आमच्याकडचं पाणीच तिखट, शब्द खाली पडू देत न्हाई आमी. पवार म्हणत, आमच्याकडं उसाच्या बांधावर माणूस बोलायच्या आधी कोयता बोलतो. एखाद्या मैदानात कुणाच्या पैलवानानं कुणाला चितपट केलं ते सांगावं तसं दोघं खून सांगत.

मुजावर बरेच दिवस गप्प ऐकत राहिले. मग एक दिवस पेन्सिल कानावर अडकवून व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "चला, एकदा करून टाकू." साताऱ्याच्या कचेरीत त्यांच्या जागेवर बसणारा कारकून त्यांचा जुना मित्र. त्याच्याकडून त्यांनी तिकडचे आकडे पत्रानं मागवले होते. आधी त्यांनी दोघांना समजावलं की नुसते खून मोजून उपयोग नाही. जिथं माणसं जास्त तिथं भांडणंही जास्त. खून भागिले माणसं असं करून एक लाखामागे किती ते पाहायचं. पुन्हा नुसत्या शहराचे आकडे घ्यायचे, की भोवतालचे तालुके धरून, तेही ठरवायचं, कारण गावाकडचा खूनही शहराच्याच नावावर बोलला जातो. दोन दिवस त्यांचा भागाकार चालला. शेवटी साताऱ्याकडचा आकडा मोठा निघाला, थोडा नाही, चांगला मोठा.

जाधवांचा चेहरा खुलला. पवार हिरमुसले. मुजावरांनी जाधवांकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, "जाधव, ही गदा न्हवं."

जाधवांनी मान खाली घातली. त्या दिवसानंतर व्हरांड्यातलं ते भांडण तसं पुन्हा झालं नाही. पण मुजावरांच्या डोक्यात ते सुरू झालं. फरक आहे खरा. पण का आहे?

नेमकं तेच पुढे कचेरीनं विचारलं. नवे साहेब आले होते, तरुण, वाचनाची आवड असलेले. दोन जिल्ह्यांतला हा फरक कशामुळे, त्यावर एक टिपण करा, असं त्यांनी मुजावरांना सांगितलं. घाई नाही, पण नीट करा. मुजावर खूश झाले. सगळ्यांना विचारून घेऊ म्हणाले आणि विचारलंही. प्रत्येकाजवळ कारण तयार होतं. पवार म्हणाले दुष्काळ. पोट रिकामं की डोकं फिरतं. जाधव म्हणाले फौज. आमच्याकडं घरटी एक जवान, सुट्टीवर येतो तेव्हा हात शिवशिवत असतात. कुणी म्हणालं मुंबई. गिरणीतला माणूस पैसा आणि दारू दोन्ही घेऊन येतो. साहेबांना वाटे शिक्षण कमी.

मुजावर एकेक कारण घेऊन फायलींत शिरले. फौजेचं कारण आलं तेव्हा मी कान टवकारले, कारण माझे वडील, आमचे आबा, पंधरा वर्षं फौजेत काढून आलेले. मुजावरांनी जुन्या फायलींतल्या आरोपींत किती जण जवान होते ते मोजलं, त्या गावांत एकूण जवान किती ते काढलं आणि म्हणाले, "तुमच्या आबांवरचा आरोप मागे घेतला, शिंदेबाई." दुष्काळाचं कारणही टिकलं नाही, पाटाच्या पाण्याखालच्या हिरव्या गावांतही कुऱ्हाडी निघत होत्या. एकेक कारण ते पेन्सिलीनं खोडत, पण हलकं, खालचं वाचता येईल असं. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस तीच चूक पुन्हा करतो, असं ते म्हणत.

एका शब्दावर मात्र ते जोरात रेघ मारत. ठाण्यांतून येणाऱ्या कागदांत हमखास लिहिलेलं असे: 'क्षुल्लक कारणावरून'. तो शब्द दिसला की मुजावर कागद बाजूला ठेवत आणि ठाण्याला पत्र पाठवून तपशील मागत. एका कागदावर होतं, बिडी दिली नाही या क्षुल्लक कारणावरून भावानं भावाचा खून केला. तपशील आला तेव्हा कळलं, धाकट्याला थोरल्यानं वडिलांच्या माघारी घरातली कुठलीच वस्तू कधी दिली नव्हती. ना विहिरीतला वाटा, ना बैल, ना बसायला ओट्यावर जागा. बिडी ही शेवटची. मुजावर मला म्हणाले, "क्षुल्लक कारणानं कुणी मरत नाही, बाई. आपण लांब उभे असतो म्हणून ते बारीक दिसतं."

असे दोन-तीन महिने गेले. टिपणात लिहिण्याजोगं काहीच हाताला लागेना. मग एक दिवस त्यांना वाटलं, खुनाच्या रकान्याशेजारचे रकाने पाहावेत. तीनशे दोन म्हणजे खून. तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न, माणूस वाचलेला. त्याच्या पलीकडे हत्यारानं केलेली गंभीर दुखापत. त्यांनी हे तिन्ही रकाने एकत्र केले आणि पुन्हा भागाकार केला. तेव्हा दोन्ही जिल्हे जवळजवळ सारखे आले. हत्यारं दोन्हीकडे सारखीच उगारली जात होती. फक्त इकडं माणूस वाचत होता आणि तिकडं मरत होता.

मुजावरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या गावाकडे कुणाला वार झाला तर दवाखान्यात कसं नेतात?"

मला एकदम म्हादू आठवला. लग्नाआधीची गोष्ट. म्हादू आणि ग्यानू, आमच्या भावकीतले चुलत भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपली आणि ग्यानूनं म्हादूच्या मांडीवर कुऱ्हाड घातली. मी मुजावरांना सगळं सांगितलं. सकाळी वार झाला. सारा गाव विहिरीवर जमला. मीही गेले होते. म्हादू शुद्धीवर होता, बोलत होता. पण पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत जखमी माणसाला हलवायचं नसतं अशी सगळ्यांची समजूत. सायकलवरून एक माणूस दहिवडीला धाडला. म्हादूच्या अंगावर कुणीतरी घोंगडं धरलं, ऊन लागू नये म्हणून. दुपारी पोलीस आले तेव्हा तो गेला होता.

मुजावरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती वेळ जिवंत होता?"

"चार-पाच तास असेल."

"आणि तुम्ही सगळे काय करत होता?"

"उभे होतो," मी म्हणाले. तोपर्यंत मी त्याचा कधी असा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वहीत एक नवा रकाना आला: वार झाल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेला वेळ. जुन्या फायली पुन्हा निघाल्या. भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून ते गावापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर मोजत आणि दोऱ्याला गाठी मारत. इकडं सांगली-मिरजेच्या आसपास कुणाला भोसकलं तर तासाभरात तो डॉक्टरच्या टेबलावर असे. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा. तिकडं माणातून साताऱ्याला जायचं म्हणजे आधी बैलगाडी, मग एस.टी., आणि रक्तानं भरलेला माणूस एस.टी.त घ्यायला लोक कचरायचे, उगाच साक्षीला जावं लागेल म्हणून. आमच्याच जिल्ह्यातल्या पूर्वेकडच्या लांबच्या गावांचंही तेच निघालं. ते पाहिल्यावर मुजावरांची खात्री पटली. जाधवांना ते म्हणाले, "तुमचं पाणी तिखट न्हाई, जाधव. रस्ता लांब हाय." जाधव यावर हसले नाहीत.

तेवढ्यावर टिपण लिहून त्यांना थांबता आलं असतं. पण ते म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघून येऊ. त्यांनी आबांना पोस्टकार्ड टाकलं. तुमच्या मुलीबरोबर तुमच्या गावी येऊ इच्छितो, परवानगी असावी. आबांनी उलट टपाली लिहिलं की परवानगी कसली, घर तुमचंच. दोन दिवसांची रजा काढून आम्ही निघालो. विट्यावरून दहिवडी, तिथून पुढे मिळेल ते वाहन. ऊन असं की एस.टी.च्या खिडकीची कड हाताला चटका द्यायची. मुजावर घड्याळ बघत होते आणि प्रत्येक थांब्यावर वहीत वेळ लिहीत होते.

संध्याकाळी आबांनी देवळापुढं माणसं जमवली. पुरुष पुढे, बायका भिंतीकडेला. मुजावरांनी आधी आपण कोण ते सांगितलं आणि मग कचेरीतली भाषा बाजूला ठेवून साध्या बोलीत बोलू लागले. जखमी माणसानं पोलिसांची वाट बघायची नसते. धडपं, फडकं, हाताला येईल ते कापड घ्या, जखमेवर दाबून घट्ट बांधा, गाडीत घाला, निघा. पडला होता त्या जागेभवती चार दगड ठेवा आणि चार माणसं साक्षीला मागं ठेवा, तेवढं पुरे. ऐकणारे ऐकत होते, पण पोलीस पाटलांना ते पटेना.

"आन उद्या फौजदार म्हणला, पुरावा का हलिवला, तर?"

"पाटील, जखमी माणूस पुरावा न्हाई. त्यो माणूस हाय. त्येला आधी जगवायचा."

तेव्हा भिंतीकडून तानूकाकू उठली. म्हादूची आई. पाठीत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत.

"आवं सायेब, माजा म्हादू सकाळपास्नं हिरीवर पडला हुता. बोलत हुता. पानी मागत हुता. तवाच न्हेला आसता तर?"

मुजावरांनी विचारलं, घाव कुठं होता? मांडीवर, तिनं स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. मुजावरांनी चष्मा काढला. त्यांना उत्तर माहीत होतं. महिनाभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"वाचलाच आसता असं मी म्हणणार न्हाई, आई," ते म्हणाले. "पर वाचायची आशा हुती. मांडीच्या घावातनं माणसं वाचलेली हायत."

तानूकाकू तशीच उभी राहिली. आणि मग दुसऱ्या बाजूनं, देवळाच्या अगदी कोपऱ्यातून, आणखी एक आवाज आला. ग्यानूची आई, हौसाकाकू. या दोघी सख्ख्या जावा. म्हादू गेला त्या दिवसापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका पाणवठ्यावर वेगवेगळ्या वेळी जात.

"मंग माजा ग्यानू?" ती म्हणाली. "त्येला जलमठेप झाली नसती का?"

मुजावरांनी मान वळवली. एका आईला ते अर्धं उत्तर देऊन बसले होते आणि दुसरीनं उरलेलं मागितलं होतं.

"म्हादू जगला आसता तर न्हाई. शिक्षा झाली आसती. पर बहुतेक आतापतोर त्यो घरी आला आसता."

कुणी मुजावरांकडे पाहत नव्हतं. जो तो खाली पाहत होता, माझे आबाही. तानूकाकू हळूहळू वळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या जावेकडे सरळ पाहिलं.

"तवा आपून समदीच उबी हुतो की गं," ती म्हणाली.

हौसाकाकूनं पदर तोंडाला लावला. एवढंच. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत, काही नाही. पण तानूकाकू घरी जायला निघाली तेव्हा वाटेतल्या पायरीशी क्षणभर थांबली आणि हौसाकाकू तिच्या मागोमाग गेली. दोघींमध्ये चार हातांचं अंतर होतं.

त्या रात्री मुजावर नीट जेवले नाहीत. परत येताना विट्याच्या स्टँडवर चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "मी खरं सांगितलं ते बरं केलं का, बाई? म्हातारीला आता उरलेले दिवस तेच डोक्यात राहणार." मग स्वतःच म्हणाले, "फायलीत होतं तोवर ते माझं होतं. आता ते तिच्या घरात गेलं." सांगली येईपर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

टिपण मी टाइप केलं, कार्बन घालून चार प्रती. साहेबांनी ते वाचून मुजावरांना बोलावलं. मीही वही घेऊन उभी होते. साहेब म्हणाले की काम चांगलं झालंय, पण मी तुम्हाला कारण विचारलं होतं, तुम्ही उपाय लिहून आणलात. माणसं हत्यार उचलतात कशाला, हे यात कुठं आहे?

"साहेब, कुऱ्हाड का उचलतात ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही," मुजावर म्हणाले. "उचलल्यावर काय करायचं तेवढं कळलं. ते लिहिलं."

साहेबांनी टिपणावर सही केली. पोलीस पाटलांच्या दर बैठकीत जखमी माणसाला आधी दवाखान्यात हलवायचं हे स्पष्ट सांगायचं ठरलं. मुजावरांनी एक प्रत साताऱ्याच्या मित्राला धाडली. त्याच्या जोडीला त्यांनी आपलंही काम सुरू ठेवलं. रविवारी सायकल काढून जवळपासच्या गावांत जात आणि चावडीवर बसून धडपं कसं बांधायचं ते स्वतःच्या मांडीवर बांधून दाखवत. पवार एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. ते म्हणाले, म्हाताऱ्यानं इतकं घट्ट बांधलं की सोडताना पाय पांढरा पडला होता.

पुढच्या वर्षीचा तक्ता मी टाइप करत होते तेव्हा खुनाच्या प्रयत्नाचा रकाना वाढलेला दिसला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. वरून विचारणा होणार. मुजावर मात्र उठले, बाहेर गेले आणि सगळ्या कचेरीसाठी चहा आणि भजी घेऊन आले. चार वर्षांत त्यांनी कधी स्वतःच्या खिशातून भजी आणलेली कुणी पाहिली नव्हती. जाधवांना काही कळेना.

"खुनाचे प्रयत्न वाढले म्हणून भजी? आवं मुजावरसाहेब, उलटं काय तरी होतंय."

"शेजारचा रकाना बघा," मुजावर म्हणाले. खुनाचा आकडा तितकाच खाली आला होता. "हे जे इथनं तिथं गेलेत ना, जाधव, ते आज आपापल्या घरी भाकरी खातायत."

जाधवांनी दोन्ही रकान्यांवर बोट फिरवलं. मग एक भजं उचललं. तेवढ्यात मुजावरांनीच हात वर केला आणि सगळ्यांना ताकीद दिली की एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, पाऊस चांगला झालाय, निवडणूक नव्हती, आणखी दहा कारणं असतील. कुणाला सांगत सुटू नका. भजी मात्र त्यांनी परत नेली नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी साठ्यातल्या पेन्सिलींची संख्या सांगितली, ज्याच्या ताब्यात ठेवल्या त्याचं नाव सांगितलं आणि बसले. मग माझ्या यजमानांची बदली साताऱ्याला झाली आणि आमची भेट तुटली. आबांच्या पत्रांतून कधीतरी उल्लेख येई. मुजावर अधूनमधून आमच्या गावी येतात, हौसाकाकूला ग्यानूच्या सुटकेचे अर्ज लिहून देतात, असं आबा कळवत. एकदा लिहिलं होतं, तानूनं त्या अर्जावर आपला अंगठा दिला. आबांनी त्यापुढं काही लिहिलं नव्हतं.

मुजावर मला शेवटचे दिसले ते साताऱ्याच्या स्टँडवर. भर दुपारी मी नणंदेला पोचवायला गेले होते. कोल्हापूरची गाडी लागली होती आणि तिच्या खिडकीत हौसाकाकू बसली होती, मांडीवर गाठोडं घट्ट धरून. कोल्हापूरच्या तुरुंगात लेकाला भेटायला निघाली असणार. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी हाक मारणार तेवढ्यात मुजावर दिसले. पाणपोईवरून येत होते, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला तांब्या. आणखी वाळले होते. तोच पांढरा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टरनं घंटेच्या दोरीला हात घातला आणि ओरडला, "आवं बाबा, पळा की."

मुजावर पळाले नाहीत. पाणी सांडू नये म्हणून तसेच सावकाश, तांब्यावर नजर ठेवून चालत आले. कंडक्टर दोरी धरून थांबला. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा. गाडी हलली. मागच्या काचेतून मला एवढंच दिसलं की ते आधी बसले नाहीत. हलत्या गाडीत दांड्याला टेकून उभे राहिले आणि वाकून तांब्या हौसाकाकूच्या हातात दिला.